मुरत घातलेला बोनस

हरेश वेखंडेने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता, तरीही किन्हवलीत सरकारी शिक्क्यानिशी दारू पिणारा म्हणून नोंद झालेला पहिला माणूस तोच. गावात पिणारे काही कमी नव्हते, पण ते बिचारे शिक्क्यावाचून पीत होते. शिक्का घेऊन न पिणारा हरेश एकटाच. आणि हे सगळं झालं ते बोनसपायी.

मुंबईत बंदराजवळच्या एका जहाज कंपनीत हरेश हिशेबनीस होता. मालक पेस्तनजीसाहेब. फ्रान्सकडून येणारे कप्तान साहेबांना उंची लाल वाइनच्या बाटल्या भेट देत, आणि साहेबांच्या पायाचा अंगठा असा सुजलेला की डॉक्टरने वाइनकडे बघायचंसुद्धा नाही म्हणून बजावलेलं. मग दर दिवाळीला साहेब एकेकाला विचारत, "बोनस घेतो का बाटल्या?" बाकीचे बोनस घेऊन घरी पळत. हरेशने मात्र साहेबांच्या टेबलावरचा एक परदेशी अंक चाळला होता. त्यात लंडनला फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या जुन्या वाइनचा लिलाव चाललेला होता. सुटाबुटातली माणसं शाळेतल्या पोरांसारखी हात वर करून बसली होती, आणि फोटोखालचा आकडा हरेशला आधी कुणाचा तरी फोन नंबर वाटला. तो फोन नंबर नाही हे कळलं त्या दिवाळीला त्याने बाटल्या घेतल्या.

किन्हवलीच्या घरी रेश्मा नवी नवरी. पहिल्या बोनसमधून तिला सोन्याच्या पाटल्या करायच्या असं लग्नातच ठरलेलं.

"बोनस कुठंय?" तिने विचारलं.

"मुरतोय," हरेश म्हणाला. वाइन म्हणजे लोणच्यासारखी असते, जितकी मुरेल तितकी भारी, हेही त्याने समजावून सांगितलं.

रेश्माने झारा उचलला. "मुरू दे," म्हणाली आणि करंज्या तळायला गेली. पुढल्या दिवाळीलाही बोनस मुरायला गेला, त्याच्या पुढल्या दिवाळीलाही. शेजारणींच्या अंगावर सोनं चढलं, मोडलं, पुन्हा चढलं. रेश्माच्या हातात काचेच्या बांगड्याच राहिल्या. भांडणात ती पाटल्यांचं नाव कधी काढत नसे. नुसतं "मुरतंय" एवढंच म्हणायची, आणि हरेशला जेवण जायचं नाही.

बाटल्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न होताच. आई वत्सलाबाई माळकरी. पण आमच्याकडे जपायची वस्तू कणगीत जाते. पाडाचे आंबे, मोडक्या नथीचं सोनं, जमिनीचे कागद, सगळं त्या सारवलेल्या बांबूच्या कणगीत भाताखाली सुखाने नांदतं. हरेशने बाटल्या तळाशी आडव्या पुरल्या, अंकात दाखवल्या होत्या तशाच, आणि वर वर्षाचं भात ओतलं. ब्याऐंशी साली बोर्दोत ऊन कसं पडलं, नव्वद साली द्राक्षं कधी खुडली, हे त्याला तोंडपाठ झालं. स्वतःच्या शेतातल्या भातावर रोग पडलाय हे मात्र त्याला शेजारी सांगायचे.

हरेश निवृत्त झाला आणि त्याने जाहीर केलं की आता लिलाव. जाहीर कुठे केलं, तर भजनी मंडळात. तिथे तो पेटी वाजवायचा. सल्ल्यांना तोटा नव्हता. मंडळाचे बुवा धाकलूकाका म्हणाले, जुनं औषधसुद्धा तारीख उलटली की फेकतात. एकाने खर्डीचा माणूस सुचवला, तो भंगार चांगल्या भावाने घेतो, काच वेगळी. रेश्माचा भाऊ हितेश भिवंडीहून मुद्दाम गाडी घेऊन आला. गोदामांच्या धंद्यात त्याचं बरं चाललं होतं आणि ते कुणाच्या नजरेतून सुटू नये याची तो काळजी घेत असे. "भावोजी, माझ्या गोदामाचा वॉचमन हाय, त्याला द्या. दिवाळी करंल बिचारा," तो म्हणाला आणि बहिणीच्या हाताकडे बघून उसासा टाकला. तो उसासा हरेशच्या जिव्हारी लागला.

खरी पंचाईत केली ती पोलीस पाटील रविंद्रने. माणूस सरळ, म्हणून जास्त त्रासदायक. "हरेशभाऊ, घरात दारू ठेवायची तं परवाना लागतो. तुमी सांगितलंत, मी ऐकलं. आता मला म्हायती नाय असं म्हणता येत नाय."

हरेश तालुक्याला गेला. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "किती पिता?"

"पीत नाही."

"मग परवाना कशाला?"

"ठेवायला."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "काका, ठेवायचा परवाना नसतो. प्यायचा असतो. प्यायचा घेतला की ठेवता येते."

तेव्हा प्रकृतीच्या कारणास्तव आपल्याला मद्याची आवश्यकता आहे, अशा मजकुराखाली, आयुष्यभर उपासाला शेंगदाणेसुद्धा मोजून खाणाऱ्या हरेशने सही केली. मागे रांगेत उभा असलेला माणूस शेजारच्या शेणव्याचा निघाला. हरेशची एसटी किन्हवलीला पोचायच्या आत बातमी पोचली होती. वत्सलाबाईंनी त्याचं ताट वेगळं मांडलं. धाकलूकाकांनी घरी येऊन पेटी उचलली. "राग मानू नको. देवाची वस्तू हाय, वास लागंल." वाजवणाऱ्याचा वास पेटीला कसा लागतो हे हरेशला विचारायचं होतं, पण काका पेटी घेऊन केव्हाच अंगणाबाहेर पडले होते. हितेशने फोन करून अभिनंदन केलं. "शेवटी माणसांत आलात, भावोजी."

"आणि वर तो कारकून काय म्हणतो," हरेश संध्याकाळी रेश्मासमोर धुमसत होता, "एका परवान्यावर ठरावीकच बाटल्या ठेवता येतात. जास्त असतील तर घरात आणखी कोण पितं ते सांगा! मला! आईच्या नावाने काढू का आता?"

रेश्मा शेवग्याच्या शेंगा सोलत होती. "कचेरी कवापर्यंत उघडी असते?" तिने विचारलं.

ही तिथे जाऊन त्या कारकुनाशी भांडेल अशी हरेशला धास्ती वाटली. "जाऊ दे. सोड," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी ती गॅसच्या कामाला म्हणून तालुक्याला जाऊन आली, त्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. माणसाची पेटी गेली की त्याचं कशाकडेच लक्ष राहत नाही.

मुंबईहून रुचिता नावाची वाइनतज्ज्ञ मुलगी आली. जुनी वाइन पारखून परदेशच्या लिलावाला पाठवणाऱ्या कंपनीत ती कामाला. हरेशने फोनवर सांगितलेली सालं ऐकून ती सकाळी सकाळीच निघाली होती. अंगणात निम्मं गाव जमलं. हितेश खुर्ची आणवून बसला. कणगी उपसली आणि एकेक बाटली भुशात माखून बाहेर आली.

रुचिताने पहिली बाटली उजेडात धरली, मग दुसरी. तिचा चेहरा उतरत गेला. एक उघडली, घोटभर तोंडात घेतली आणि परसात जाऊन थुंकून आली.

"काका, ही गेली. व्हिनेगर झालंय. कणगीच्या वर काय आहे?"

वर पत्रे होते. आधी कौलं होती. हितेशच्या गोदामाचे उरलेले पत्रे फुकटात मिळाले म्हणून हरेशनेच ती काढून टाकली होती. वैशाखात त्या पत्र्यांखाली मांजरसुद्धा झोपत नसे. तिथे बोर्दोची उन्हं तोंडपाठ असलेल्या माणसाने आपली सगळी बोर्दो दर उन्हाळ्यात उकडून काढली होती.

अंगणात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हरेशने रेश्माकडे पाहिलं. ती आज "मुरतंय" म्हणाली असती तर त्याने तिथेच मान खाली घातली असती. ती पदराने एकेक बाटली पुसून ओळीने लावत राहिली आणि ते त्याला जास्त लागलं. एवढ्या दिवाळ्या या बाईने आपल्या शब्दावर काढल्या आणि तो शब्द आंबून गेला, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"पण तुम्ही म्हणालेली जुनी सालं यात नाहीत," रुचिता म्हणाली. "ब्याऐंशी कुठे आहे?"

हरेश कणगीत डोक्यापर्यंत वाकला. तळाचा थर नव्हताच. तिथे नुसतं भात होतं. तो वर आला तेव्हा त्याच्या केसांत तुसं होती आणि वत्सलाबाई पदराशी चाळा करत होत्या.

"माझ्यावर वरडू नको," त्या म्हणाल्या. "वाघोबाला दर साली बाटली द्यायला लागते ना? गुरं राखतो आपली. मंग मी घरची सोडून पैसे घालवून इकत कशाला आणू?"

भात झोडून झालं की शेणव्यापलीकडच्या डोंगरातल्या वाघोबाला कोंबडा आणि बाटली देण्याची या घराची पूर्वापार रीत. माळ वत्सलाबाईंच्या गळ्यात होती, वाघोबाच्या नव्हती, त्यामुळे त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. कणगीतल्या बाटल्या त्यांना पहिल्याच वर्षी सापडल्या होत्या. पोराला कळू नये म्हणून त्या नेहमी अगदी तळातली काढत. "देवाला द्यायची तं जुनी धुळकट कशी द्यायची, म्हून पुसून दिली हां," एवढं समाधान त्यांनी जाता जाता दिलं.

म्हणजे जे जे मोलाचं होतं ते देवाने आणि देवाच्या भगताने प्राशन केलं होतं. हितेश खुर्चीतून उठला. "चला भावोजी, वाघाची तरी दिवाळी झाली."

पण रुचिता ऐकेना. निदान रिकामी बाटली तरी बघू म्हणून ती हरेश-रेश्माला घेऊन डोंगराकडे निघाली. वाघोबाचा भगत बुधू झोपडीपुढे टोपली विणत बसला होता.

"वत्सलाबायच्या बाटल्या?" तो म्हणाला. "हायत की."

"आहेत म्हणजे?"

"पहिली देवाला दाखवली, मंग म्या उघडाय गेलो. फिरवायचं झाकणच नाय. लाकूड ठोकलेलं आत. दगडावर मान फोडून चाखली. तुरट, आंबाट, कशाचीच नाय. मोहाच्या दारूपुढं काय तिची गिनती? म्हटलं, देवाला चालली आसंल, मला नको. तवापास्नं ठेवतो तिथंच देवाजवळ. उभ्या केल्या तं गडगडतात, म्हून आडव्या घातल्यान."

वाघोबाच्या शेंदरी दगडाखाली एक घळ होती. आतल्या कातळातून बारमाही झरा पाझरतो. भर उन्हाळ्यात तिथे हात घातला तरी शहारा येतो. बुधूने झावळी बाजूला केली आणि रुचिताने विजेरी मारली. ओलसर काळोखात बाटल्या एकीला एक लागून गुपचूप निजल्या होत्या. कागदांवर थोडी बुरशी, पण अक्षरं शाबूत. रुचिता एकेक वाचत गेली, तिचा आवाज बारीक होत गेला, आणि ब्याऐंशी वाचल्यावर ती सरळ जमिनीवर बसली.

"असं तळघर बांधायला तिकडे लोक जन्म घालवतात," ती म्हणाली. "हे कुणी बांधलं?"

"वाघानं उकरलं," बुधू म्हणाला.

हरेशच्या अंगात पुन्हा प्राण आले. त्याने हात पुढे केला तो बुधूने मनगटाला धरला. "हात लावायचा नाय. देवाच्या हायत."

"अरे, माझ्या आहेत."

"व्हत्या. तुझ्या आयनं देवाला दिल्या."

देवाला दिलेली वस्तू परत न्यायचा एकच रस्ता होता. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाघोबापुढच्या नारळाचा लिलाव होतो. जो नारळ घेईल त्याला देवापुढचं सगळं सामान प्रसाद म्हणून मिळतं. एरवी त्यात हिरवी साडी, सुपारी आणि एखादी पितळी घंटा असते, म्हणून बोलणारे आजूबाजूच्या पाड्यांतले चारदोन. हरेशने घरी आल्यावर आनंदाच्या भरात ही हकिकत सगळ्यांना सांगितली. सगळ्यांत हितेशही होता. न सांगता राहणं हरेशला जमलं असतं तर मुळात परवानाच काढावा लागला नसता.

वाघबारशीला डोंगरावर जत्रा लोटली. मुरबाडकडूनही जीप भरून माणसं आली. हितेशची गाडी पायथ्याशी चमकत होती. हरेशने ती वरूनच ओळखली. बाटल्या गेल्याचं दुःख त्याने पचवलं असतं. पण रेश्माचा बोनस तिच्याच भावाने, तिच्याच देखत उचलून न्यायचा आणि वर उसासा टाकायचा, हे त्याच्याने सोसलं नसतं.

बुधूने नारळ उंच धरला. "बोला, वाघोबाचा नारळ."

"एक्कावन्न हजार," हितेश म्हणाला. त्या डोंगरावर हा आकडा आजवर कुणी उच्चारला नव्हता. बायकांनी तोंडाला पदर लावले. हरेशने मनात पेन्शनची बेरीज केली आणि सोडून दिली.

तेवढ्यात रविंद्र पाटील उठला. "नारळ घ्या खुशाल. नारळाला आडकाठी नाय. पण संगं बाटल्या येतात. त्या घरी न्यायच्या तं परवाना दाखवा. नायतर खाली गाडी आडवून मलाच पंचनामा करायला लागंल."

"परवाना?" हितेश हसला. "इतकी वर्सं पितोय, कुणी मागितला नाय."

"म्या मागतोय."

हितेशने खिसे चाचपले, जणू काही तिथे असणारच होता. लोक एकमेकांकडे बघू लागले. डोंगरावर पिणारे शेकड्याने होते आणि परवाना एकाकडेही नव्हता. मग कोपऱ्यातून धाकलूकाकांचा आवाज आला. "आमच्या हरेशचा हाय. चांगला शिक्क्याचा."

ज्या कागदापायी त्याचं ताट वेगळं झालं, पेटी गेली, तो कागद हरेशने सदऱ्याच्या वरच्या खिशातून काढला आणि शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा सगळ्यांना फिरवून दाखवला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पेटी घेऊन गेलेल्या माणसानेच त्या सुरू केल्या हे हरेशने नीट पाहून ठेवलं.

"अकराशे एक," हरेश म्हणाला.

बुधूने नारळ खाली घेतला. "दुसरं कोण? दोन तोंडं बोलल्याबिगर देव लिलाव घेत नाय. नायतर पुढल्या वाघबारशीपर्यंत सामान घळीत."

परवानेवाला दुसरा आणायचा कुठून? हरेशने आयुष्यात पहिल्यांदा मनापासून इच्छा केली की आपल्या तालुक्यात कायद्याने दारू पिणारा आणखी एक माणूस असावा.

"पंधराशे," बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

रेश्मा होती. काचेच्या बांगड्यांचा हात वर.

"वयनी," रविंद्र अवघडून म्हणाला, "परवाना लागतो."

रेश्माने पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढून त्याच्या हातात दिला. पाटलाने तो वाचला, उलटा करून पाहिला आणि मान हलवली.

"तू कधी काढलास?" हरेशने विचारलं.

"गॅसच्या कामाला गेली व्हती ना, त्या दिशी. एका परवान्यावर भागत नाय म्हणालात. मंग उरलेल्या बाटल्या काय धाकलूकाकांच्या नावानं ठेवणार व्हतात?"

"आणि प्रकृतीचं कारण काय सांगितलंस?"

"तुमचं नाव सांगितलं."

डोंगर हसून कोसळायचा बाकी राहिला. त्या हसण्यात हरेशही होता, पण त्याचे डोळे भरून आले होते. सगळं गाव त्याला वेड्यात काढत होतं तेव्हा ही बाई, तोंडाने शब्द न काढता, त्याच्या वेडात सरकारी शिक्क्याने भागीदार होऊन बसली होती.

"दोन हजार," तो म्हणाला, कारण नवऱ्याने लगेच माघार घेणं बरं दिसत नाही.

"पाच."

"सहा."

"अवो," रेश्मा म्हणाली, "भिशीचे पैसे आणलेत मी. इतक्या दिवाळ्या तुमी मुरवलंत. आता माझा बोनस मला सोडवून नेऊ द्या. हितेश बोलला तितकेच. देवाचं नुकसान नको. एक्कावन्न हजार."

हरेशने आपल्या परवान्याची घडी करून खिशात ठेवली. हरल्याचा इतका अभिमान त्याला कधी वाटला नव्हता. बुधूने एक वार, दोन वार, तीन वार म्हटलं आणि नारळ रेश्माच्या ओटीत घातला. बाटल्या दोघांच्या परवान्यांवर निम्म्या निम्म्या वाटून खाली उतरल्या. उतरताना पाटील स्वतः पुढे चालला.

पुढे कायद्याने काय काय लागतं ते रुचिताच्या कंपनीने पार पाडलं. लंडनच्या लिलावाची छापील पुस्तिका घरी आली. वस्तू कुणाकडची आणि कुठे ठेवलेली हे तिकडे लिहावंच लागतं, आणि रुचिताने अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. हरेशने ते मराठीत करून मंडळात मोठ्याने वाचलं: संग्रह, रेश्मा हरेश वेखंडे, किन्हवली. साठवण, नैसर्गिक घळ. राखण, वाघोबा. वाचून झाल्यावर धाकलूकाकांनी पेटी त्याच्यापुढे सरकवली.

लिलाव मोबाइलवर दिसला. सुटाबुटातली माणसं हात वर करत होती आणि ओटीवर अख्खी आळी श्वास धरून बसली होती. हातोडा पडला तेव्हा हितेशने आकड्यावरची शून्यं बोटांवर मोजली, मग पुन्हा मोजली. उसासा टाकला, पण बहिणीच्या हाताकडे न बघता. तो टाकावाही लागला नसता, कारण त्या महिन्यात त्या हातात पाटल्या आल्या. कणगीतलं व्हिनेगर रेश्माने मिरच्यांच्या लोणच्याला वापरलं. लोणचं चांगलं झालं. पत्रे काढून हरेशने पुन्हा कौलं घातली.

एक बाटली मात्र रेश्माने लिलावाला दिली नव्हती. पुढल्या वाघबारशीला ती डोंगरावर घेऊन गेली, झावळी बाजूला केली, पाटल्यांचा हात घळीत घालून बाटली आडवी ठेवली आणि नमस्कार केला.

"ही आता कशाला?" हरेशने विचारलं.

"मुरू दे," रेश्मा म्हणाली.